पहिला मोहोर खुडला



नोकरी संपली, फंडाचे पैसे हातात आले की आपल्यापैकी पुष्कळांना गाव आठवते. आम्हा दोघांचेही तसेच झाले. पस्तीस वर्षे परळच्या चाळीत काढली. खिडकीतल्या डालड्याच्या डब्यात ओवा आणि मिरचीचे एक रोप, एवढीच आमची बाग. गेल्या वर्षी मे महिन्यात संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी, वाडीच्या टोकाला, सहा गुंठे जागेत दोन खोल्यांचे घर बांधून राहायला आलो. या पहिल्या वर्षात दारच्या जागेने आम्हाला जे शिकविले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आमच्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागांतून आंब्याची आळी केली, खड्डे खणले, फवारणीचे पंप पाठीवर वाहिले. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र एकही कलम नव्हते, कारण लावायला जागाच नव्हती. म्हणून घराला रंग देण्याआधी आम्ही हापूसची दहा कलमे विकत आणली. बाबा आज असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी आमचे कान धरले असते. आंब्याच्या दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवतात, म्हणजे एका झाडाला जवळजवळ एक गुंठा जागा लागते. सहा गुंठ्यांत घर, अंगण, वाट आणि दहा कलमे कशी बसणार? पण हौसेला हिशेब कुठे असतो!

खड्डे खणायला घेतले तर वरच्या अंगाला जांभ्याचा कातळ. पहार आपटली की हातांना मुंग्या येत. खालच्या कोपऱ्यात मात्र माती मऊ. आम्ही सोपा मार्ग धरला आणि सात कलमे त्या कोपऱ्यात दाटीने लावून टाकली. मृगाचा पाऊस झाला, पालवी तरारली, आम्ही खूष!

आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत तो कोपरा तळे झाला. आठ-आठ दिवस पाणी हलेना. पाने पिवळी पडली, मुळे कुजली आणि त्या सातांपैकी सहा कलमे गेली. सातवे कसेबसे तगले. आठव्या कलमाला बुंध्यातून जोमदार फुटवा आला, म्हणून आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखविला. शेजारच्या आत्या वाकून बघत म्हणाल्या, “हापूस वर सुकलाय रे पोरांनो, हा खालचा रायवळ फुटलाय.” लावताना आम्ही कलमाचा सांधाच मातीत पुरला होता. सांधा जमिनीच्या वर राहिला पाहिजे आणि त्याच्या खालून येणारा फुटवा दिसताक्षणी काढला पाहिजे, हे तेव्हा कळले.

त्या रात्री मुंबईहून मुलाचा फोन आला. तो म्हणाला, “बाबा, जागा विकून टाका. तुम्हाला जमायचं नाही.” आम्ही काही बोललो नाही. खरे म्हणजे आमच्याही मनात तेच आले होते.

दुसऱ्या दिवशी आत्या भर पावसात छत्री घेऊन आल्या. म्हणाल्या, “आदी पानी कुठून येतं नि कुठं जातं ते बघा, मंग झाडं लावा.” त्यांच्यामागून आम्ही सगळी जागा फिरलो. वरच्या कातळावरचे पाणी थेट आमच्या कोपऱ्यात उतरत होते. आम्ही वरच्या बाजूला आडवा चर काढून ते पाणी वहाळाकडे वळविले. तगलेले सातवे कलम मातीच्या गोळ्यासकट उचलून उंचावर नेले. खालच्या ओल्या कोपऱ्यात अळू लावले. अळूला तीच जागा मानवली आणि श्रावणभर फतफते, वड्या झाल्या.

भाजीचेही तसेच. सपाट जागेत टाकलेले माठाचे बी वाहून गेले. मग वीतभर उंच गादीवाफे केले. त्यावर लाल माठ महिन्याभरात काढायला आला. गोगलगायी रोपे खात, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मांडवावर पडवळ, दोडका आणि काकडीचे वेल चढविले. सुरुवातीला फुले गळू लागली तशी आम्ही घाबरलो. भगिनींनो, घाबरू नका. आधी येतात ती नर फुले, ती गळणारच. ज्या फुलाच्या मागे बोटाएवढे इवलेसे फळ दिसते ते मादी फूल. ते मागाहून येते.

पाऊस सरला की वाळलेले गवत जाळू नका. आम्ही ते कलमांच्या आळ्यात पसरले, त्याने ओल टिकते. मात्र ते बुंध्याला टेकवू नये, वाळवी लागते. दसऱ्यानंतर वाल, मुळा, वांगी, मिरची लावली. भांडी धुतलेले पाणी पन्हळीने केळींकडे सोडले.

खरी परीक्षा मार्चपासून होती. वाडीच्या विहिरीचे पाणी तळाला गेले. पहाटे चारला हंड्यांची रांग लागू लागली. त्या रांगेत उभे राहून कलमांसाठी पाणी भरायचे आमच्या जिवावर आले. आपल्या लोकांना पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. विहिरीचे पाणी आधी माणसांना, असे आम्ही ठरविले. मग कलमे जगवायची कशी? आत्यांनीच घरातली जुनी मडकी दिली. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घातली आणि खोडापासून फूटभर अंतरावर मडके गळ्यापर्यंत पुरले. वर झाकण ठेवले. भाज्या, तांदूळ धुतलेले पाणी त्यात ओतायचे. ओल हळूहळू मुळांना मिळते, एक मडके दोन-तीन दिवस पुरते. दुपारच्या उन्हासाठी झावळ्यांचा आडोसा केला.

एक गोष्ट सांगायची राहिली. जानेवारीत एका कलमाला मोहोर आला. आमच्या घराण्याच्या दारातला पहिला मोहोर! पण कोवळ्या झाडाला फळ धरू दिले तर त्याची वाढ खुंटते, म्हणून पहिली तीन-चार वर्षे मोहोर काढून टाकतात. बाबांनी दुसऱ्यांच्या बागेत हे काम किती वेळा केले असेल! आम्ही दोघे त्या झाडापाशी बराच वेळ उभे राहिलो. मग त्यांच्यासारखाच तो हाताने खुडला.

मे महिन्यात मुलगा, सून आणि नात आली. मुलाने कलमे मोजली. दहातली तीन हापूस उरली होती आणि एक रायवळ. “तीनच?” तो म्हणाला. आम्ही म्हटले, “जागा तिघांचीच होती रे.” रायवळही उपटले नाही, त्यावर पुढे जागच्या जागी कलम बांधता येते. जागा विकण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. जाताना त्याने चारही मडकी भरली आणि नातीने त्यांच्यावर झाकणे ठेवली.

गावी घर बांधणाऱ्या बंधू-भगिनींना आमचे एवढेच सांगणे. पहिल्या पावसात रोपांवर फंडाचे पैसे घालू नका. छत्री घ्या, पाण्याची वाट बघून ठेवा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. एक वाफा माठाचा, एक मांडव वेलाचा, पहिल्या वर्षी एवढे पुष्कळ झाले. झाडे दुसऱ्या वर्षी लावली तरी चालतात.

जयभीम!