घरच्या स्टुडिओच्या यादीत कान नाही

गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर एके काळी तासाच्या भाड्याने स्टुडिओ घ्यावा लागे. आता झोपायच्या खोलीतला एक कोपरा पुरतो. एक कंडेन्सर माइक, तो संगणकाला जोडणारा इंटरफेस, हेडफोन आणि जमल्यास दोन मॉनिटर स्पीकर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत केबल आणि कनेक्टर शोधत फिरणारी तरुण मुले दिसतात. कोणी अभंग मुद्रित करतो, कोणी रॅप, कोणी पॉडकास्ट. काही वस्तू नव्या घेतल्या जातात, बऱ्याचशा सेकंडहँड. खरेदीपूर्वी या मंडळींचा अभ्यास दांडगा असतो. माइक किती बारीक आवाज टिपतो, इंटरफेस किती खरखर करतो, सारे त्यांना तोंडपाठ असते. पण या सगळ्या सामानाचा बरावाईटपणा ज्यावर ठरतो त्या कानाची तपासणी करून घ्यावी, असे क्वचितच कोणाला सुचते. माइक बिघडला तर दुरुस्त होतो किंवा बदलता येतो. कानाच्या बाबतीत ती सोय नाही.

अंतर्कर्णात शंखासारखा एक अवयव असतो. त्यात प्रत्येक कानामागे साधारण १५ हजार रोमपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंना कळणाऱ्या संदेशात रूपांतर त्या करतात. मोठा आवाज दीर्घकाळ पडत राहिला की त्या थकतात आणि पुढे मरतात. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, माणसात नाही. आवाजाने होणारे नुकसान बहुधा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होते. रोजच्या बोलण्यात ते सुरुवातीला जाणवतच नाही. पुढे ‘स’, ‘श’, ‘फ’सारखी अक्षरे गर्दीत निसटू लागतात, आणि तक्रार घेऊन माणूस रुग्णालयात येतो तेव्हा बरेच काही गमावलेले असते.

मोठ्या आवाजाचा धोका म्हटला की डीजे आणि ढोलताशे डोळ्यांसमोर येतात. घरच्या स्टुडिओत धोका वेगळ्या वाटेने येतो. भाड्याच्या स्टुडिओत वेळ संपली की उठावे लागते आणि शेजारी ध्वनिमुद्रक बसलेला असतो. घरी घड्याळ नाही आणि सोबतही नाही. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, त्यामुळे काम रात्री. घरचे झोपलेले, म्हणून स्पीकर बंद आणि हेडफोन कानावर. रात्री दहानंतर सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. हेडफोनमधला आवाज मात्र दुसऱ्या कोणाला ऐकूच येत नाही, मग ‘जरा कमी कर’ असे म्हणणार कोण? शिवाय गाताना पंखा बंद ठेवला जातो, पण नंतर तासन्‌तास मिक्सिंग करताना तो चालू असतो. पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची वाहने यांच्यावर मात करण्यासाठी आवाजाची फिरकी थोडी थोडी पुढे सरकते.

किती आवाज किती वेळ चालेल, याचे गणित सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला अवघे अडीच तास. रोज रात्री चार तास बसणाऱ्याचे आठवड्याला २८ तास होतात. ८० डेसिबलवर तो मर्यादेत राहतो, ८६ वर जवळजवळ तिप्पट मात्रा घेतो. हे सहा डेसिबल म्हणजे फिरकीची किंचितशी हालचाल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर ‘उणे ६’, ‘उणे १२’ असे डेसिबलचे आकडे दिसतात. ते संगणकातल्या संकेताचे आकडे आहेत. शून्य म्हणजे संगणकाची कमाल मर्यादा, आणि बाकी सारे त्याच्या खाली. कानावर प्रत्यक्ष किती आवाज पडतो आहे हे त्यावरून मुळीच कळत नाही. अनेक मोबाइल फोन आवाज फार वाढवला की सूचना देतात. इंटरफेसच्या हेडफोन-फिरकीला अशी काही जाणीव नसते, आणि हेडफोनला जोरकस संकेत पुरवणे हेच तिचे काम असते.

‘मोठ्याने ऐकल्याशिवाय बारकावे कळत नाहीत’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो संगीताच्या बाजूनेही टिकत नाही. आवाजाच्या पातळीनुसार कानाचे वागणे बदलते, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच दाखवून दिले. हळू आवाजात खर्जाचे स्वर कानाला कमी जाणवतात, मोठ्या आवाजात ते भरदार वाटतात. त्यामुळे मोठ्याने ऐकत जुळवलेले गाणे दुसऱ्या दिवशी साध्या स्पीकरवर पोकळ लागते. शिवाय दोन-तीन तासांनी थकलेल्या कानाला वरच्या पट्टीतले आवाज मंद ऐकू येतात. मग तेच आणखी वाढवले जातात, आणि ताज्या कानाने ऐकणाऱ्याला गाणे कर्कश वाटते. दुकानात दोन स्पीकर ऐकून निवड करतानाही हीच फसगत होते. किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर बहुतेकांना सरस वाटतो. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून दाखवा, असा आग्रह ग्राहकाने धरावा.

‘कान वाजले तरी सकाळी बरे होतात’ हाही दिलासा फसवा आहे. मोठ्या आवाजानंतर कानात दडा बसणे किंवा गुंई असा नाद येणे, ही इजेची खूण आहे. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मोठ्या आवाजानंतर त्या उंदरांची ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली होती, पण रोमपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटले होते. जर्मनीतील आरोग्य विम्याच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यावसायिक संगीतकारांमध्ये आवाजजन्य बहिरेपणाचा धोका इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक आढळला. ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या श्रवणदोषासाठी मंचावरच्या गोंगाटापेक्षा स्टुडिओत वापरलेल्या हेडफोनला अधिक दोष दिला आहे.

म्हणूनच सामान घेण्याच्या यादीत पहिली ओळ ऑडिओमेट्रीची असावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात ही तपासणी अल्प शुल्कात होते. चांगल्या माइकच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे. दुसरी ओळ आवाज मोजण्याच्या साधनाची. छोटे मीटर मिळाले तर उत्तम, नाही तर मोबाइलवरच्या ॲपने निदान अंदाज येतो. बसण्याच्या जागी स्पीकरचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास आणावा. मग हेडफोन लावून तितकाच आवाज वाटेल अशी फिरकी ठेवावी आणि त्या जागी रंगाचा ठिपका द्यावा. त्या ठिपक्यापुढे जायचे ते क्षणभर आणि कारण असेल तरच. दर तासाला दहा मिनिटे हेडफोन काढून ठेवावेत, आणि मिक्सिंगच्या वेळीही शक्य तेव्हा पंखा बंद करावा.

जोडणीचाही क्रम पाळावा. कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा जातो. तो चालू असताना केबल खुपसली किंवा उपटली तर हेडफोनमध्ये जोराचा फटका ऐकू येतो. आधी फिरकी शून्यावर, हेडफोन कानावरून खाली, मग केबल आणि शेवटी पुरवठा. सेकंडहँड व्यवहारातही थोडी शिस्त हवी. विकणाऱ्याने हेडफोनच्या गाद्या बदलून द्याव्यात, निदान ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे. कानात घालायच्या इअरफोनची रबरी टोके दुसऱ्याची वापरूच नयेत. पावसाळ्यात आपल्याकडे कानात बुरशी होण्याचे प्रमाण वाढते, आणि कानात कोंडलेला घाम तिला पोषकच असतो.

सगळा भार ग्राहकावर टाकूनही चालणार नाही. कारखान्यातल्या कामगारासाठी आवाजाची मर्यादा कायद्याने आखली आहे. ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या संस्थांनी प्रवेशाच्या वेळी आणि नंतर दर वर्षी विद्यार्थ्यांची श्रवणतपासणी करायला हवी. गवयाचा गळा जपायला गुरू शिकवतो, तसे कान जपणेही अभ्यासक्रमात यावे. दुकानदारांनी हेडफोन विकताना आठवड्याच्या तासांचा छोटा तक्ता हाती दिला तर त्यांचा धंदा बुडणार नाही. बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात २००७ पासून राबवला जातो आहे. त्याच्या जनजागृतीत घरी बसून गाणी करणारा हा नवा वर्ग ठळकपणे यायला हवा.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘सर्दी असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी तज्ज्ञाला दाखवावे, कारण उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो. एरवी वर्षातून एक तपासणी पुरेशी आहे. इंटरफेसचे बिल आणि वॉरंटी कार्ड ज्या फायलीत जाते, त्याच फायलीत ऑडिओमेट्रीचा कागद ठेवावा, आणि दर वर्षीचा नवा आलेख जुन्याशेजारी धरून पाहावा.