पक्षाघातानंतर ‘करंट’ने हात पुन्हा हलतो का?

पक्षाघाताच्या रुग्णाला तपासायला घेऊन आलेली मुलं-सुना हल्ली मोबाईलवर एखादा व्हिडिओ दाखवतात. करंट सुरू होतो आणि कित्येक वर्षे लुळा पडलेला हात उचलला जातो. मग प्रश्न येतो, “डॉक्टर, आमच्या बाबांना हे करता येईल का?” या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे, कारण इथे आशा आणि पैसा दोन्ही पणाला लागलेले असतात.

करंट कुठे दिला जातो?

पक्षाघातात इजा मेंदूला होते. हाताचे स्नायू आणि नसा शाबूत असतात, पण त्यांच्यापर्यंत हुकूम पोहोचत नाही. करंट देण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत.

१. त्वचेवरून : पॅड चिकटवून स्नायू आकुंचन पावेल असा करंट देतात. चालताना पाऊल लोंबकळत असेल, तर पाऊल उचलण्याच्या नेमक्या क्षणी करंट देण्याची पद्धत १९६१ पासून माहीत आहे. चाल सुधारण्यासाठी तिचा पुरावा पुरेसा असल्याचे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये नमूद केले.

२. व्हेगस नसेतून : छातीच्या त्वचेखाली छोटे यंत्र बसवून त्याची तार मानेतील व्हेगस नसेला जोडतात. रुग्ण हात हलवत असतानाच थेरपिस्ट बटण दाबतो आणि अर्धा सेकंद करंट जातो. त्यामुळे ती हालचाल मेंदूत पक्की व्हायला मदत होते. ‘व्हिविस्टिम’ नावाच्या या यंत्राला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

३. मणक्यातून : मानेच्या मणक्यात तारा बसवतात. पिट्सबर्ग येथील हा प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फक्त दोन महिला होत्या आणि तारा २९ दिवसच ठेवल्या होत्या. हे आश्वासक आहे, पण अजून हा रोजचा उपचार नाही.

आकडे काय सांगतात?

व्हेगस नसेच्या अभ्यासात १०८ रुग्ण होते. त्यांच्या पक्षाघाताला ९ महिने ते १० वर्षे झाली होती. यंत्र सगळ्यांनाच बसवले, पण खरा करंट निम्म्यांनाच दिला. सहा आठवड्यांत दोन्ही गटांनी १८ वेळा सारखाच कसून व्यायाम केला. त्यानंतर ६६ गुणांच्या मोजपट्टीवर खऱ्या करंटच्या गटात सरासरी ५ गुणांची, तर दुसऱ्या गटात २.४ गुणांची वाढ झाली. तीन महिन्यांनी लक्षणीय सुधारणा अनुक्रमे ४७ आणि २४ टक्के रुग्णांत टिकून होती.

यातून तीन गोष्टी कळतात. एक, ‘सहा महिन्यांनंतर काहीच सुधारत नाही’ हा समज चुकीचा आहे. दोन, करंट न देताही नुसत्या व्यायामाने फरक पडला. तीन, यंत्र बसवूनही निम्म्याहून अधिक रुग्णांत अपेक्षित सुधारणा झाली नाही. याआधी मेंदूच्या पृष्ठभागावर करंट देण्याच्या एका मोठ्या अभ्यासालाही २००८ मध्ये अपेक्षित यश आले नव्हते.

खर्च करण्यापूर्वी विचारा

• करंटबरोबर हाताचा सराव कोण, किती वेळ करून घेणार?
• कोणती हालचाल सुधारेल, आणि ती कशी मोजणार?
• ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, तर पुढे काय?

रुग्ण नुसता झोपून आहे आणि मशीन चालू आहे, असे रोज होत असेल, तर त्यातून हात कामाला लागण्याची अपेक्षा धरू नका. करंट सुरू असताना रुग्णाने स्वतः हात हलवण्याचा प्रयत्न करायला हवा.

घरी मशीन आणण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा. पेसमेकर, फिट येणे, पायात रक्ताची गुठळी किंवा गर्भारपण असेल, तर परस्पर करंट लावू नका. बधिर त्वचेवर चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही, म्हणून पॅड काढल्यावर त्वचा रोज पाहा.

आणि मोठ्या यंत्राची वाट पाहत आजचा व्यायाम थांबवू नका. पेला धरणे, बटण लावणे, टॉवेलची घडी घालणे हा सराव बाबांकडून आजपासूनच करून घेता येतो. पुढे करंट मिळाला, तरी त्याला जोड याच सरावाची लागणार आहे.