पिशवी काढण्याआधी चार प्रश्न

“दोन मुलं झाली ना? मग आता त्या पिशवीचं काय लोणचं घालायचंय?” भारतातून येणाऱ्या फोनवर मावशी, काकू, वहिनी अशा सगळ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग यायला लागलाय. फायब्रॉइडच्या गाठी निघाल्या, अंगावरून जास्त जायला लागलं, की चालली पिशवी काढायला! वर “दुर्बिणीने करू, छोटीशी भोकं” हा दिलासा. अहो, भोकं छोटी असली तरी अवयव अख्खाच जातो ना?

मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. पण वाचता येतं. १९९५ साली रविना या फ्रेंच डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये वेगळा मार्ग मांडला. जांघेतून (हल्ली मनगटातूनही) बारीक नळी गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत न्यायची आणि वाळूसारखे कण सोडून गाठींचं रक्त तोडायचं. गाठी आक्रसतात, पिशवी जागेवर राहते. याला एम्बोलायझेशन म्हणतात.

मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये २८ रुग्णालयांत १७७ बायकांवर याची चाचणी झाली. पिशवी काढण्यापर्यंत वेळ आलेल्याच या बायका. निम्म्यांची पिशवी काढली, निम्म्यांना हा उपचार दिला. दहा वर्षांनंतरचा निष्कर्ष २०१६ साली आला: उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींची पिशवी वाचली.

म्हणजे हा रामबाण नव्हे. बाकीच्यांना ऑपरेशन लागलंच. पहिला दिवस चांगलाच दुखतो. पुढे मूल हवं असेल तर बहुधा नुसती गाठ काढणं बरं. आणि काही जणींसाठी पिशवी काढणंच योग्य असतं, त्यांनी खुशाल काढावी. माझं भांडण ऑपरेशनशी नाही, पर्याय न सांगण्याशी आहे. बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे मजुरी बुडण्याची भीतीही होती, हे खरं. पण ‘तिचा आता उपयोग काय’ हा विचार शहरातल्या दिवाणखान्यातही तोच आहे.

तेव्हा मंडळी, सही करण्याआधी विचारा: गाठ कुठे आणि केवढी आहे? काहीच न करता थांबलं तर काय होईल? पिशवी ठेवून काय करता येईल? आणि ते तुम्ही करत नसाल, तर कोण करतं?

चौथा प्रश्न विसरू नका. एम्बोलायझेशन स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. त्यांचं नाव तुम्ही विचारल्याशिवाय कळेलच असं नाही.