‘टीकाकार’ या शब्दाचे दैव

तुलनात्मक साहित्याच्या वर्गात ‘ज्ञानेश्वरी’विषयी बोलताना मी एकदा सहज म्हणून गेलो, की ज्ञानेश्वर हे गीतेचे टीकाकार होत. मराठी माध्यमात शिकलेला एक विद्यार्थी चपापला. ज्ञानेश्वरांना गीतेतील नेमके काय खटकले होते, असे त्याने तास संपल्यावर येऊन विचारले. त्याच्या शेजारी बसणाऱ्या तेलुगुभाषक मुलीला मात्र काहीच अडचण पडली नव्हती. तिच्या भाषेत टीका म्हणजे आजही ग्रंथ उलगडून दाखविणारे विवरण.

मला त्या विद्यार्थ्याचे हसू आले नाही. समीक्षकाविषयी लोकांची जी समजूत आहे, ती भाषेनेच त्याच्या हाती ठेवली होती. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, टीका लिहिणारा पुरुष पूर्वीच्या भाष्यकारांकडे मार्गाची विचारणा करीत श्रोत्यांना बरोबर घेऊन चालला होता. आजच्या मराठी वृत्तपत्रात टीका होते ती मंत्र्यावर, आणि टीकाकार म्हणजे दोष काढणारा. हिंदीत टीकाकार हा मल्लिनाथाच्या पंक्तीतच राहिला. पण तेथे ‘आलोचना’ या शब्दाच्या वाट्याला तेच दैव आले. साहित्याचे एक मान्यवर त्रैमासिक 1951 पासून ते नाव अभिमानाने मिरविते, आणि बाजारात त्याच शब्दाचा अर्थ निंदा असा घेतला जातो. बंगालीत आलोचना म्हणजे केवळ चर्चा. आपण मराठीत ‘समीक्षा’ हा अधिक शुचिर्भूत शब्द रूढ केला. नाव बदलले, लोकांची नजर बदलली नाही.

या नजरेला लोकच जबाबदार आहेत, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 साली सुरू झाली. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर त्यांनी जे आसूड ओढले, ते मराठी वाचकाच्या कायमचे स्मरणात राहिले. त्याच चिपळूणकरांनी कालिदास, भवभूती, बाण यांचा रसाळ परिचय मराठी वाचकाला करून दिला होता, हे अभ्यासकांखेरीज कोणास आठवते? वाद रंगतो, विवरण विसरले जाते. पुढच्या पिढ्यांतील पुष्कळांनी वादाचा आवेश उचलला. आणि ज्यांनी तो टाळला ते परिभाषेच्या इतक्या उंच माडीवर जाऊन बसले, की खालून हाक मारणाऱ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचेना. (प्रस्तुत लेखकही त्या माडीवर बरीच वर्षे राहिला आहे.) समीक्षा कळत नाही, ही सामान्य वाचकाची तक्रार आपण त्याच्या अज्ञानाचा पुरावा मानली. वस्तुतः तो अर्थ विचारीत होता.

ही रिकामी राहिलेली जागा रिकामीच राहते असे नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता 1994 साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या मुखपत्रात छापली गेली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालण्यापर्यंत कवीचे स्वातंत्र्य पोहोचत नाही, असे मत न्यायालयाने 2015 साली दिले. त्या मताशी कोणी सहमत होवो वा न होवो. कवितेतला गांधी म्हणजे ती व्यक्तीच, की तिच्या नावावर चाललेल्या व्यवहाराला धरलेला आरसा, हा प्रश्न मुळात टीकाकाराचा होता. तो कायद्याच्या कलमांतून सोडवावा लागला. न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो. टीकाकाराला थांबता येते, पुन्हा वाचता येते, आपले चुकले असेही म्हणता येते.

अशा वाचनाचे जे उदाहरण माझ्या मनात घर करून आहे, ते समीक्षकाचे नाहीच. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ 1972 साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. नाटककार म्हणून त्यांचे नाव तेव्हा देशभर झाले होते. कवितेवर अधिकारवाणीने चार शब्द लिहून देणे त्यांना कठीण नव्हते. तसे त्यांनी केले नाही. या कवितेतले कित्येक शब्द आपल्याला ठाऊकच नाहीत, हे त्यांनी कबूल केले, ते कवीला विचारले, आणि ज्या वस्तीतून ती कविता आली ती वस्ती कवीसोबत हिंडून पाहिली. पांढरपेशा वाचकाला त्या पुस्तकाच्या दाराशी जी भीती वाटणार होती, ती त्यांनी त्याच्या आधी आपल्या अंगावर घेतली होती. कवितेचे मोल किती, हे सांगण्याची घाई त्या पानांत नाही.

परवा त्या विद्यार्थ्याने ‘गोलपिठा’ ग्रंथालयातून नेला. प्रस्तावना वाचून तो पुन्हा आला आणि म्हणाला, “सर, ही टीका आहे ना? जुन्या अर्थाने?”