थाळीतील विजय आणि पोटातील वास्तव

हळद, कडुनिंब किंवा गुळवेलीच्या अर्काने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी मेल्या, असे एखाद्या प्रयोगशाळेने म्हटले की 'कर्करोगावर रामबाण उपाय' असा मथळा सजायला वेळ लागत नाही. वृत्तपत्रेही याला अपवाद नाहीत. हा मथळा वाचून एखादा रुग्ण केमोथेरपी अर्धवट सोडतो आणि काढ्याकडे वळतो, तेव्हा प्रश्न केवळ अतिशयोक्तीचा उरत नाही.

मुळात ही चाचणी असते कशी? 'एचटी-२९' या पेशी १९६४मध्ये एका ४४ वर्षीय महिलेच्या गाठीतून मिळाल्या आणि आजही जगभर वाढवल्या जातात. प्लास्टिकच्या थाळीतील खाचांत त्या ठेवून अर्काच्या चढत्या मात्रा दिल्या जातात. एक-दोन दिवसांनी पिवळे रसायन घातले, की जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. रंग जितका फिका, तितक्या पेशी कमी. मात्र पुरेशा मात्रेत साधे मीठही या पेशी मारू शकते. तोच अर्क निरोगी पेशींना सोडतो का, हा खरा प्रश्न. आणि अनेक शोधनिबंध नेमके तिथेच थांबतात.

हळदीचे उदाहरण बोलके आहे. थाळीत कुरकुमिनला काही मायक्रोमोलर मात्रा लागते. ब्रिटनमधील लेस्टर येथे रुग्णांना रोज ३.६ ग्रॅम कुरकुमिन दिले, तेव्हा रक्तात ते त्याच्या शेकडो पटींनी कमी आढळले. २००४मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आतड्याच्या अस्तराशी थेट संपर्क येत असल्याने तिथे तरी आशा होती. परंतु आनुवंशिक कारणाने आतड्यात असंख्य गाठी होणाऱ्या ४४ रुग्णांच्या चाचणीत, वर्षभर रोज ३ ग्रॅम घेऊनही निष्क्रिय गोळीच्या तुलनेत फरक दिसला नाही. हा निकाल २०१८चा.

याउलट कॅम्प्टोथेसिनचा प्रवास पाहावा. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६मध्ये चिनी वृक्षातून हे द्रव्य वेगळे केले. तीव्र दुष्परिणामांमुळे १९७०च्या दशकात त्याच्या चाचण्या थांबल्या. ते पेशीत नेमके कुठे घाव घालते, हे १९८५मध्ये उमगले. त्याचेच सुधारित रूप असलेल्या इरिनोटेकानला अमेरिकेत १९९६मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते आज सर्रास वापरले जाते. तब्बल ३० वर्षे! हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडातही आहे. त्यापायी त्याची चोरटी तोड होते, ही या यशाची काळी बाजू.

'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हा समजही तपासायला हवा. नेदरलँड्समधील २००२च्या एका छोट्या अभ्यासात, सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय औषधी वनस्पती सोबत घेतल्यावर इरिनोटेकानच्या क्रियाशील घटकाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडे रुग्ण मात्र घरी काढा चालू असल्याचे डॉक्टरांना अनेकदा सांगतच नाहीत.