लेकराचा पाय आणि सायकलचे चाक

भगिनींनो, सकाळी आठच्या सुमारास आपल्या वस्तीच्या तोंडाशी दहा मिनिटे उभ्या राहून पाहा. कोणी कामावर जाता जाता लेकराला अंगणवाडीत सोडतो, कोणी तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात नेतो. सायकल हेच आपल्या पुष्कळ घरांचे वाहन आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मूल कसे बसवले आहे, तिकडे मात्र नीट लक्ष द्या. कॅरिअरवर पोत्याची घडी, त्यावर चार वर्षांची पोर आणि तिचे दोन्ही पाय चाकाशेजारी मोकळे लोंबकळत असतात.

आमच्या शेजारी एका पावसाळ्यात अशीच एक पोर वडिलांच्या मागे बसली होती. चाक अडकल्यासारखे वाटले म्हणून वडिलांनी पायडल जोराने मारले. मागून किंकाळी आली तेव्हा कळले की, चाकात पोरीची टाच अडकली आहे. दवाखान्यात मलमपट्टी झाली. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी परत बोलावले होते. पण पट्टी कोरडी दिसते, मग कशाला एक खाडा करायचा, म्हणून नेले नाही. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर टाचेची कातडी काळी पडलेली. पुढे दीड महिना पोर घरात आणि तितक्या दिवसांची अर्धी मजुरी औषधपाण्यात गेली.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. चाक फिरत असताना पाय आऱ्यांमध्ये शिरला की तो फ्रेमच्या नळीवर दाबला जातो. कातडी तर फाटतेच, पण आतले मांसही चिरडते. वरून जखम लहान दिसते. खरे नुकसान दोन-तीन दिवसांनी उघडे पडते. म्हणून मुलाला कुठे बसवावे हे ठरवताना पहिला प्रश्न एकच विचारावा: त्याचे पाय कुठे राहतील?

पुढच्या दांडीवर नुसते बसवणे सर्वांत वाईट. पाय पुढच्या चाकात गेला तर सायकल जागीच उलटते. बसवायचेच असेल तर दांडीवर घट्ट आवळलेली, पाठ, पट्टा व पायदान असलेली छोटी सीट हवी. मूल डोळ्यांसमोर राहते, हा तिचा फायदा. मात्र अशी सीट साधारण 15 किलो वजनापर्यंतच योग्य. त्यापुढे हँडल वळवणे जड जाते.

मोठ्या मुलाला मागची सीट बरी. ती साधारण 22 किलोपर्यंत चालते. तिची पाठ उंच असावी, पट्टा खांद्यांवरून यावा, पायदानावर पाय बांधता यावेत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवून घ्यावी. तयार सीट परवडत नसेल तर निदान जाळी आणि पायदान सायकलवाल्याकडून आधी लावून घ्या, आणि मुलाच्या पायांत चपलेऐवजी बूट घाला. तोवर कॅरिअरवर बसवून सायकल हातात धरून चालत न्यावी, हे बरे. तेव्हाही पाय चाकापासून दूर आहेत ना, हे पाहावे.

आपल्या सायकलींच्या बैठकीखाली स्प्रिंगा असतात. मागे बसलेले मूल तिथे बोटे घालते आणि आपण बसलो की ती चेंगरतात. तेथे जाड कापड शिवून टाकावे. ओढणी व पदर खोचून घ्यावा. हँडलला बाजाराची पिशवी अडकवू नये. मुलाला सीटवर ठेवून, सायकल स्टँडवर लावून क्षणभरही दूर जाऊ नये. सायकल कलंडली की मूल डोक्यावर पडते. प्रथम सीटमध्ये दहा किलो तांदळाची पिशवी बांधून एक फेरी मारून पाहा. ब्रेक किती उशिरा लागतो, सायकल किती डुलते, ते कळेल.

वर्षाच्या आतले मूल सायकलवर नेऊच नये. त्याचे डोके जड व मान कोवळी असते, खड्ड्याचे हिसके तिला सोसत नाहीत. त्यापुढच्या मुलाला हनुवटीखाली पट्टा बांधलेले, मापाचे हेल्मेट घालावे. 2022 साली केंद्र सरकारने मोटारसायकलवरील चार वर्षांखालील मुलांसाठी पट्टा व हेल्मेटचा नियम जाहीर केला. सायकलला तो लागू नाही. पण पोराचे डोके दोन्हीकडे तेच असते.

एवढे करूनही पाय अडकलाच, तर हिसका देऊन ओढू नका. एकाने मुलाला धरावे, दुसऱ्याने पक्कडीने आरे कापावेत. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधावे. हळद, चुना, तंबाखू काही लावू नये. सरळ दवाखाना गाठावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे, आणि डॉक्टर परत बोलावतील त्या दिवशी खाडा पडला तरी जावेच.

भगिनींनो, ही सगळी कामे घरधन्याने करावीत म्हणून वाट पाहत बसू नका. आज संध्याकाळी सायकल दारात उभी करा, लेकराला तिच्यावर बसवून एका हाताने धरा आणि त्याचा पाय चाकापासून किती बोटे दूर आहे, ते स्वतः मोजा.