तीन वर्षांचे प्रमाणपत्र

घरात एखादा माणूस प्राध्यापक असला, की जगातील सर्व शिक्षणाची माहिती त्याच्या खिशात असते, असा नातेवाइकांचा एक गोड समज असतो. मी मराठी शिकवतो. पण भाच्याने वकील व्हावे की हिशेबतपासनीस, शेजाऱ्यांच्या मुलीने नर्सिंगला जावे की बी. एड.ला, हे सारे प्रश्न अखेर माझ्याच दाराशी येऊन उभे राहतात. मीही त्यांना परत पाठवत नाही. सल्ला विचारला की माणसाची छाती दोन बोटे फुगते. माझीही फुगते.

गेल्या वर्षी गणपतीत असाच एक प्रश्न आला. त्याने मात्र फुगलेली छाती पुन्हा मापात आणली. त्याचीच हकीकत या वेळी सांगावयाची आहे.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. डोंबिवलीला राहतात. एका कचेरीत पस्तीस वर्षे इमानाने नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. दुपारची आरती झाली, मोदक झाले, सुपारी कातरता कातरता दादा मला आतल्या खोलीत घेऊन गेले. कपाटातून त्यांनी दोन कागद काढले. एक मुदत ठेवीची पावती होती, आणि दुसरे एक रंगीत जाहिरातपत्रक. ‘सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेटर व्हा! सहा महिन्यांत पाच प्रमाणपत्रे! नोकरीची हमी!’ फी एक लाख साठ हजार रुपये.

“पावती मोडू का?” दादांनी विचारले. “पोरगं बी. एस्सी. झालंय. हेच करायचं म्हणतंय. तुझी वहिनी म्हणते, भावजींना विचारा, ते कॉलेजात आहेत.”

खरे सांगायचे तर सर्व्हर म्हणजे काय, हेच मला धड ठाऊक नव्हते. बँकेत गेले की काउंटरमागून “सर्व्हर डाउन आहे” असे ऐकू येते आणि आपण मुकाट्याने घरी परततो, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. मग पुतण्याने मला समजावून दिले. सर्व्हर हा न झोपणारा संगणक. आपण तिकीट काढतो, विजेचे बिल भरतो, पैसे पाठवतो, तेव्हा आपल्या हातातला फोन त्याच्याकडे मागणी करतो आणि तो ती पुरवतो. त्याची देखभाल करणारा तो ॲडमिनिस्ट्रेटर. मला एकदम जुन्या वाड्यातला कारभारी आठवला. कुणाला कोणत्या खोलीची किल्ली द्यायची, कोठीत धान्य किती उरले, दिंडी दरवाजा रात्री लागला की नाही, कोण आले कोण गेले याची नोंद, आणि महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी. सारी कामे तीच. फक्त वाडा तेवढा बदलला.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही काका-पुतणे तो क्लास पाहायला गेलो. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि गोड बोलणारे एक गृहस्थ. भिंतीवर पाच प्रमाणपत्रांची नावे सोनेरी अक्षरांत लावली होती. “परीक्षेची काळजी करू नका,” ते म्हणाले, “प्रश्न आमच्याकडे तयार असतात. मुलांनी फक्त पाठ करायचे.”

हे वाक्य ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे बावीस वर्षांच्या उत्तरपत्रिका उभ्या राहिल्या. कादंबरी न वाचता तिच्या नायकाचे स्वभावचित्र लिहिणारी ती सारी गाइडवाली मुले! एकाच गाइडातली एकच चूक चाळीस उत्तरपत्रिकांत मी तपासली आहे. संगणकाचे मला काही कळत नव्हते, पण हा रोग मात्र ओळखीचा निघाला.

घरी आल्यावर मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. मराठीत जेमतेम काठावर पास झालेला. आज तो महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये शेकडो सर्व्हर सांभाळतो. रात्रपाळी संपवून तो आम्हाला ऐरोली स्टेशनजवळच्या एका उपाहारगृहात भेटला. डोळे तांबारलेले, पण बोलणे स्वच्छ. जाहिरातपत्रक त्याने एकदा पाहिले आणि एका नावावर बोट ठेवले.

“सर, ही एम. सी. एस. ई. मायक्रोसॉफ्टनं ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केली. आता ती कुणालाच मिळत नाही. हे शिकवणार काय?”

बंद पडलेल्या परीक्षेसाठी दादांची पावती मोडणार होती! माझा चहा तसाच राहिला.

“मग कोणती द्यावी?” मी विचारले.

“नाव विचारू नका सर. आधी तीन प्रश्न विचारा.” वर्गात याने कधी तोंड उघडले नव्हते. आता मी पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ऐकत होतो.

पहिला प्रश्न, जमीन कोणती? काही सर्व्हरांवर विंडोज चालते, काहींवर लिनक्स. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. आज जगातले पुष्कळसे सर्व्हर त्यावर चालतात. ज्या कचेऱ्यांचा सारा कारभार विंडोजवर आहे तिथे जायचे असेल, तर मायक्रोसॉफ्टची वाट धरावी. तिथे आता कामानुसार वेगवेगळी प्रमाणपत्रे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. ती चाचणी घरबसल्या आणि विनामूल्य असते. डेटा सेंटरकडे जायचे असेल, तर लिनक्स आधी. “पंधरा दिवस नोकरीच्या जाहिराती वाच,” तो पुतण्याला म्हणाला, “आणि वहीत दोन रकाने कर. तुला जिथं जाता येईल तिथं काय मागतात, ते तुझी वहीच सांगेल.”

दुसरा प्रश्न, परीक्षा खुणेची की हाताची? लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट नावाची एक संस्था आहे. तिच्या पहिल्या पायरीचे, म्हणजे एल. पी. आय. सी.–१ चे, दोन पेपर असतात. प्रत्येकी साठ प्रश्न आणि नव्वद मिनिटे. बहुतेक प्रश्न योग्य पर्यायावर खूण करण्याचे, काही रिकाम्या जागा भरण्याचे. कोणत्याही एका कंपनीच्या लिनक्सला ती बांधलेली नाही, म्हणून पाया पक्का करायला चांगली. तिची मुदत पाच वर्षे. रेड हॅट कंपनीची आर. एच. सी. एस. ए. ही परीक्षा निराळी. तिथे खुणा नाहीत, पर्याय नाहीत. समोर प्रत्यक्ष यंत्र, आणि कामांची यादी: हरवलेल्या पासवर्डाच्या यंत्रात शिरा, नवे वापरकर्ते बनवा, साठवणीची जागा वाढवा, दरवाजे बंद-उघडे करा. इंटरनेट नाही. यंत्रातच असलेली माहितीची पाने मात्र उघडून पाहता येतात. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर पास.

“आणि सर, त्यातली खरी गंमत पुढंच आहे,” तो म्हणाला. “तुम्ही केलेलं काम यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकलं पाहिजे. टिकलं तरच गुण.”

मी खुर्चीत जरा सावरून बसलो. शिकलेले झोपून उठल्यावर टिकले पाहिजे! अशी अट आमच्या विद्यापीठाने घातली, तर निकाल किती टक्के लागेल, याचा हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला आणि लगेच सोडून दिला.

तिसरा प्रश्न, मुदत किती आणि पुढची पायरी कोणती? रेड हॅटचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. त्यानंतरची पायरी आर. एच. सी. ई. ती मिळवण्यासाठी आधीची लागतेच. हल्ली तिच्यात ॲन्सिबल नावाच्या साधनाने एकाच वेळी अनेक यंत्रांना कामे सांगायची असतात. “पण ती नोकरी लागल्यावर,” तो म्हणाला. “एकदम पाच प्रमाणपत्रं म्हणजे पाच पोहण्याच्या पदव्या, विहिरीत ढकललं की कळतं. आधी एक. आणि ते तयार प्रश्न पाठ करून मिळवू नकोस. कंपनीला समजलं तर प्रमाणपत्र काढून घेतात, पुन्हा परीक्षेला बसू देत नाहीत. नाही समजलं तर आणखी वाईट. पहिल्याच रात्रपाळीत सर्वांना समजतं.”

सराव कुठे करायचा, या प्रश्नावर तो हसला. अल्मा लिनक्स आणि रॉकी लिनक्स ही रेड हॅटच्या लिनक्सशी मिळतीजुळती, विनामूल्य मिळणारी रूपे २०२१ पासून आहेत. घरातल्या संगणकात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात खोटे संगणक, बनवायचे. मोडायचे, पुन्हा उभारायचे. “जितका मोडशील तितका शिकशील,” असा आशीर्वाद देऊन तो झोपायला निघून गेला. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

पुतण्याच्या वहीत पंधरा दिवसांनी लिनक्सचा रकाना काठोकाठ भरला. दादांनी पावती कपाटात परत ठेवली. थोडे पैसे मात्र काढले. परीक्षेच्या फीला, आणि संगणकाची स्मृती वाढवायला. वहिनींना हे फारसे रुचले नाही. क्लास नाही, मास्तर नाही, पोरगे दिवसभर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटवते, हे कसले शिक्षण? मला त्यांची काळजी समजत होती. क्लासची फी भरली की आईबापांना आपले कर्तव्य केल्याचे समाधान तरी मिळते. इथे तेही नव्हते. शिवाय सल्ला माझा होता. पोरगे बुडाले असते, तर त्या घरी मोदक खायला कोणत्या तोंडाने गेलो असतो?

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि तो नापास झाला.

सारी कामे त्याने केली होती. पण साठवणीची जागा यंत्राला नोंदवून देण्याची जी यादी असते, तिच्यात एका ओळीत एक अक्षर चुकले. यंत्र पुन्हा सुरू होताना त्या ओळीवर अडखळले आणि उठलेच नाही. न उठलेल्या यंत्रात तपासणार काय? त्या संध्याकाळी दादांचा फोन आला. ते रागावले असते तर बरे झाले असते. “असू दे,” एवढेच म्हणाले, आणि फोन ठेवला. मला रात्रभर झोप नाही. सौ. म्हणाली, “तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?” उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला गेलो. पुतण्या संगणकासमोर बसला होता. त्याने तीच चूक मुद्दाम पुन्हा केली होती आणि न उठणाऱ्या यंत्राला उठवण्याचा प्रयत्न चालवला होता. दर दोन-तीन मिनिटांनी तो यंत्र बंद करी, चालू करी. मी अर्धा तास उभा होतो. त्याला पत्ता नव्हता. वहिनी दारात आल्या, त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि काही न बोलता चहा टाकायला गेल्या. पास-नापास पुढचे पुढे; हे पोरगे शिकते आहे, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही दिसले.

जूनमध्ये तो पास झाला. ऑगस्टपासून महाप्याला उमेदवारी करतो आहे. पगार बेताचा आहे, हमी कसलीच नाही, पण काम खरे आहे.

प्रमाणपत्र दाखवायला तो आमच्याकडे आला होता. दादाही बरोबर होते. चष्मा लावून त्यांनी ते वाचले आणि एका तारखेवर थबकले. “हे काय? तीन वर्षांनी संपतं?”

“हो बाबा. तोवर सगळं बदलतं ना. पुन्हा परीक्षा द्यायची, नाहीतर वरची द्यायची.” मग तो सहज माझ्याकडे वळला. “काका, तुमचं एम. ए. कधी संपतं?”

सगळे हसले. मीही हसलो. माझे एम. ए. संपत नाही. सेटचे प्रमाणपत्रही संपत नाही. दोन्ही काचेच्या चौकटीत सुरक्षित आहेत. पण त्या रात्री मी कपाटातली माझी संतकाव्याची टिपणे काढली. पहिल्या पानावर साल होते २००३. कागद पिवळा पडला होता आणि समासात ‘येथे विनोद सांगणे’ असे लिहिले होते. तो विनोद मी बावीस वर्षे दर जुलैत सांगत आलो आहे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तर माझ्यातले काय काय टिकेल, हे कुणी कधी तपासलेच नाही.

टिपणे नव्याने लिहायला घेतली आहेत. पहिली तीन व्याख्याने झाली. विनोद काढून टाकला.

या लक्ष्मीपूजनाला पुतण्याची रात्रपाळी आहे. वहिनी हळहळत होत्या, सणासुदीचे पोरगे घरी नाही. दादा म्हणाले, “अगं, त्या रात्री साऱ्या गावाचे पैसे इकडून तिकडे फिरणार. कुणीतरी जागं नको का?” आणि फराळाचा डबा त्यांनी स्वतःच भरायला घेतला. मुदत ठेवीची पावती कपाटात आहे. तीही तीन वर्षांचीच आहे. पुढच्या वर्षी नूतनीकरण करावे लागेल.